बायकांनी गाण्याबद्दल मोकळेपणी बोलावं म्हणून घरी बैठक कशी घ्यावी

मी हार्मोनियमची साथ करते. साथीला बसलं की गाणारी बाजूने दिसते आणि श्रोते समोरून. नाशिकमध्ये पंचवटीतल्या देवळापासून गंगापूर रोडवरच्या हॉलपर्यंत मला एक गोष्ट सारखी दिसत आली आहे. अवघड जागा आली की ती बायकांच्या चेहऱ्यावर आधी उमटते. भुवई वर जाते, बोटं शेजारणीच्या हातावर टेकतात. 'क्या बात है' मात्र पुढच्या रांगेतून येतं, आणि ते बहुतेक वेळा पुरुषाचं असतं. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी गाण्याची चर्चा पुरुष करतात. बायका चपला शोधतात, 'छान झालं हो' म्हणतात आणि निघतात. खरं बोलणं रिक्षात बसल्यावर होतं. निवेदन फार लांबलं. दुसऱ्या गाण्यात तबला गाण्याच्या अंगावर येत होता. तिचा वरचा सा टोचला.

हे बोलणं रिक्षातच संपतं. गाणारीपर्यंत जात नाही, आयोजकांपर्यंत जात नाही, पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं हे ठरवणाऱ्यांपर्यंत तर नाहीच. याची मला मनापासून खंत वाटते, कारण माझ्या ओळखीतले सगळ्यांत बारीक कान बायकांचे आहेत. म्हणून मी इंदिरानगरला माझ्या घरी ऐकण्याची बैठक घेते. तुमच्या सोसायटीत, वाड्यात, भजनी मंडळात अशी बैठक घ्यायची असेल तर काय करावं, ते लिहिते.

वेळ, जागा आणि चहा

वेळ दुपारी साडेतीन ते पाच. सातपूर-अंबडला पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायका तोवर घरी पोहोचलेल्या असतात आणि संध्याकाळचा स्वयंपाक अजून डोक्यावर नसतो. संध्याकाळी ठेवलीत तर अर्ध्याजणी कुकरचा विचार करत बसतील. मार्गशीर्षातले गुरुवार टाळा. चैत्रात मात्र उलट करा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका जमलेल्याच असतात, डाळ-पन्हं झाल्यावर अर्धा तास मागून घ्या.

आठ ते दहाजणी पुरेत. बारा झाल्या की कमी बोलणाऱ्या दिसेनाशा होतात. खुर्च्यांच्या रांगा नकोत, सतरंजीवर गोल बसा. गुडघे दुखणाऱ्यांच्या खुर्च्याही त्याच गोलात ठेवा, भिंतीला नाही.

आता चहा. हे किरकोळ वाटेल, पण बैठक इथेच बिघडते. घरच्या बाईने खाणं करायचं ठरवलं की ती स्वयंपाकघरात, दोघी तिच्या मदतीला, आणि तिघींचं ऐकणं गेलं. शिवाय पुढच्या वेळी दुसरीला तिच्यापेक्षा बरं काहीतरी करावंसं वाटतं, आणि दोन महिन्यांत गाण्याची भिशी होते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: चहा थर्मासमध्ये आधीच भरलेला, कागदी कप शेजारी, खायला काही नाही. कुणी चिवडा आणलाच तर तो जाताना वाटायचा.

निमंत्रणात 'संगीतावर चर्चा' लिहू नका. त्या शब्दांनी निम्म्या बायका घरीच थांबतात. 'गाणी ऐकायला या, ऐकून झाल्यावर प्रत्येकीला दोन मिनिटं बोलायला मिळतील' एवढं लिहा. बोलायला लागणार हे लपवूही नका. फसवून आणलेली बाई पुन्हा येत नाही.

'कसं वाटलं?' विचारू नका

'कसं वाटलं?' याला आपल्याकडे एकच उत्तर आहे: छान. पाहुण्यांनी भाजीबद्दल विचारावं तसा तो प्रश्न कानावर पडतो आणि तोंडातून आपोआप भलं बोललं जातं. त्यात त्या बाईचा दोष नाही, प्रश्नाचा आहे.

त्याऐवजी जागा विचारा. गाणं संपलं की मी एवढंच म्हणते, "परत लावायचं झालं तर कुठून लावू?" याला 'छान' असं उत्तर देताच येत नाही. बाई आठवायला लागते. म्हणते, "ते नाही का, दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबते आणि पेटी एकटीच पुढे जाते, तिथून." मग फोनवर ती जागा शोधायची आणि तेवढीच वीस-तीस सेकंदं पुन्हा ऐकवायची. आता ती जागा सगळ्यांच्या कानात आहे. दुसरी म्हणते, "मला नाही ते आवडलं, तिने थांबायला नको होतं." झालं, बोलणं सुरू झालं. कुणी कुणाला मत विचारलं नव्हतं.

असे आणखी काही प्रश्न हाताशी ठेवा. शब्द कुठे कळले नाहीत? कंटाळा कुठे आला? कोणतं वाद्य कमी करावंसं वाटलं? यातल्या एखाद्याचंच उत्तर द्यायला सांगा. सगळे विचारलेत तर ती परीक्षा होते.

पहिल्या फेरीत 'छान', 'सुंदर', 'अप्रतिम' हे शब्द बंद. हा नियम बायकांना आवडतो, कुणी चुकून बोललंच तर हसू होतं आणि त्या हसण्याने आवाज मोकळे होतात.

बोलण्याआधी प्रत्येकीने एका चिठ्ठीवर एक ओळ लिहावी, हा नियमही मी कधी सोडत नाही. कारण पहिली बाई बोलली की बाकीच्या 'माझं पण तेच' म्हणतात. चिठ्ठी लिहून झालेली असली की 'तेच' म्हणता येत नाही. कागदावर काहीतरी वेगळं असतं. ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा संकोच आहे त्यांनी बाल्कनीत जाऊन फोनवर व्हॉइस मेसेज करावा. सासूबाई त्याच गोलात असल्या की कित्येक सुना तोंड उघडत नाहीत, पण बाल्कनीतून पाठवलेल्या त्या मेसेजमध्ये सणसणीत बोलतात. तो मेसेज सगळ्यांसमोर लावायचा का, हे तिला विचारूनच ठरवा.

काय लावावं

सुरुवात तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांनी करा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं, त्यामुळे गाणाऱ्यांनी सगळं आटोपशीर मांडलेलं आहे. ऐकणारीच्या डोक्यात सुरुवात, मध्य, शेवट तिन्ही राहतं. पाऊण तासाचा ख्याल ऐकून नवख्या बाईला जागा सांगता येत नाही, आणि मग ती स्वतःलाच दोष देते.

केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', पहिल्या बैठकीला फार उपयोगी पडते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे आवाज असलेली सोन्याच्या मुलाम्याची तबकडी अवकाशात पाठवली, त्यात हे गाणं आहे. आधी काहीही न सांगता गाणं ऐकवायचं. मग ही गोष्ट सांगायची आणि विचारायचं, "पाठवायचं काम तुमच्याकडे असतं तर हेच पाठवलं असतं का?" इतक्या मोठ्या निर्णयावर 'नाही' म्हणायची संधी मिळाली की बायका खुलतात. कुणी अंगाई पाठवते, कुणी पंढरीच्या वाटेवरचा टाळ-मृदंग, कुणी ठामपणे सांगते की हेच बरोबर होतं, कारण या आवाजात काकुळती नाही.

दुसरं, आपल्या नाशिकचं. गायक विष्णू दिगंबर पलुस्करांचा पंचवटीत रामनाम आधार आश्रम होता, आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे द. वि. पलुस्कर, १९२१ साली नाशिकलाच जन्मले. पुढे 'बैजू बावरा' या १९५२च्या चित्रपटात तानसेन आणि बैजू यांची जी स्पर्धा आहे, तिथे तानसेनासाठी अमीर खाँ गायले आणि बैजूसाठी द. वि. पलुस्कर. 'आज गावत मन मेरो झूमके', राग देसी, संगीत नौशाद यांचं. पडद्यावर बैजू जिंकतो. पण पडदा न बघता नुसतं ऐका आणि सांगा, कोण जिंकलं? निकाल पटला नाही तर कुठल्या जागेमुळे? या एका गाण्यावर आमच्याकडे पाच वाजून गेले तरी कुणी उठत नाही. ज्या बायका गुण देताना नेहमी 'दोघंही चांगले' म्हणतात, त्याही इथे बाजू घेतात. मला स्वतःला अमीर खाँसाहेबांच्या आवाजातलं वजन जास्त भावतं, नाशिककर असूनसुद्धा. पण हे मी सगळ्यांत शेवटी सांगते.

तिसरं, भजनी मंडळाच्या बायकांसाठी. 'अवघा रंग एक झाला' हा सोयराबाईंचा अभंग किशोरी आमोणकरांच्या आवाजात लावा आणि मग त्याच बायकांना त्यांच्या मंडळाच्या चालीत म्हणायला सांगा. प्रश्न असा: शब्द कुठल्या चालीत जास्त लागले? किशोरीताईंसमोर आपली चाल ठेवायची म्हटल्यावर आधी सगळ्या संकोचतात. थोडं थांबा. कुणीतरी एक म्हणतेच, "ताईंचं गाणं मोठंच आहे, पण आमच्या चालीत सगळ्यांना एकत्र म्हणता येतं." अभंगाबद्दल बोलताना इतकी नेमकी गोष्ट मी व्यासपीठावर क्वचित ऐकली आहे.

घरात आजी असतील तर त्यांच्यासाठी तबकडी नको, जात्यावरची ओवी काढा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आता ऐकायलाही मिळतात. एक लावा. 'मला गाण्यातलं काही कळत नाही बाई' म्हणणाऱ्या आजी दुसऱ्या ओळीला हात वर करतात: "अशी नाही म्हणत. शेवट असा ओढायचा नाही, जातं फिरायला तेवढा वेळ लागतो का?" आजींनी आत्ताच लयीबद्दल मत दिलं. ते तसं म्हणून दाखवा त्यांना.

कुणी आधी, कुणी नंतर

क्रम आधीच ठरवा. सगळ्यांत नवी किंवा वयाने लहान असेल ती पहिली, गाणं शिकलेली शेवटी, बैठक घेणारी त्याच्याही नंतर. विशारद झालेली बाई पहिल्यांदा बोलली की बाकीच्यांच्या चिठ्ठ्या पदराखाली जातात.

पुरुष आले तर? मी बंदी घालत नाही. काही नवरे खरंच ऐकायला येतात. पण पहिल्या फेरीत त्यांनी बोलायचं नाही, हे दारातच सांगते. एखादे जाणकार काका असतात, ते मधेच म्हणतात, "नाही वहिनी, तो कोमल निषाद होता." काका बरोबर असतात आणि वहिनींचं बोलणं तिथेच तुटतं. अशा वेळी गप्प बसू नका. आदर ठेवून पण लगेच म्हणा, "काका, तुमचं आपण शेवटी सविस्तर ऐकू. वहिनी, तुम्ही पुढे सांगा." 'वहिनी, पुढे सांगा' हे वाक्य जास्त महत्त्वाचं. नुसतं काकांना थांबवलं तर शांतता पसरते आणि वहिनी कानकोंड्या होतात.

मैत्रिणीही मधे बोलतात, प्रेमाने. "तिला म्हणायचंय की..." असं सुरू होतं. तिलाही तसंच थांबवा.

शब्द नंतर द्या

'मला रागातलं काही कळत नाही' या वाक्यावर 'कळतं हो तुम्हाला' म्हणून धीर देऊ नका. तिचा विश्वास बसत नाही. तिला फक्त ऐकलेलं सांगू द्या, आणि सांगून झाल्यावर त्याला गाणाऱ्यांमध्ये काय म्हणतात ते सांगा. "आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत आला, मधे कुठे तुटला नाही." त्याला मींड म्हणतात. "ती फिरून फिरून बरोबर त्याच ठिकाणी येते आणि तबलाही तिथेच येतो." ती सम. "पटकन एक वळसा घेतला, शब्द न सोडता." मुरकी. अशा रीतीने मिळालेला शब्द विसरत नाही, कारण ती गोष्ट तिने आधीच पकडलेली असते. पहिल्याच दिवशी थाट, वादी-संवादी असं समजावत बसलात तर तो वर्ग होईल, आणि वर्गात विद्यार्थिनी मत देत नाहीत.

ज्यांना पुढे वाचायची गोडी लागेल त्यांना प्रभा अत्रे यांचं लेखन द्या. विज्ञान आणि कायदा या दोन्हींची पदवी घेतलेली ही गायिका, सरगम या विषयावर त्यांनी डॉक्टरेट केली. आपण जे गातो ते तसं का, हे त्यांनी आयुष्यभर लिहून आणि बोलून मांडलं. बाईने गावं आणि गाण्यावर भाष्य दुसऱ्यांनी करावं, ही वाटणी त्यांनी मानली नाही. असं एक नाव समोर असलं की बैठकीतल्या मुली वेगळ्या ताठपणे बसतात.

नावड

आवडलं सांगणं त्यामानाने सोपं. 'मला हे आवडलं नाही', तेही नावाजलेल्या गायकाबद्दल, हे म्हणायला आपल्याकडे बायकांना धाडस लागतं. त्यासाठी दोन गोष्टी पाळा. कुणी नावड सांगितली की 'अहो पण ते किती मोठे' हे कुणीही म्हणायचं नाही. मोठेपण सगळ्यांना ठाऊक आहे. आणि नावडीलाही जागा विचारायची: कुठून नकोसं झालं? जागा सांगितली की ती टीका राहत नाही, ऐकल्याची खूण होते. ज्यांना आवडलं असेल त्यांनी आपली जागा सांगावी. दोघींचं जुळायची गरज नाही, आणि शेवटी 'ज्याची त्याची आवड' म्हणून गाठही मारू नका. मतभेद तसाच ठेवून उठा. पुढच्या महिन्यात त्या दोघी नक्की येतील.

स्वतः गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बायकांना विचारा

मी भजनी मंडळांना साथ करते, तिथे एक गोष्ट मला फार टोचते. पेटीवाले भाऊ सवयीने काळी एक किंवा पांढरी दोन लावतात, म्हणजे पेटीवरची ती पट्टी 'सा' धरतात. ती त्यांच्या गळ्याची पट्टी. बहुतेक बायकांचा आवाज काळी चार, काळी पाचमध्ये मोकळा होतो. काळी एकला खाली गावं तर आवाज उमटत नाही, वर घ्यावं तर अंतऱ्यात ओरडावं लागतं. बायका वर्षानुवर्षं ओरडतात आणि वर 'आमचा आवाज काही चांगला नाही' म्हणतात. एका स्पर्धेत परीक्षकांनी अशाच एका मंडळाचे 'कर्कश' म्हणून गुण कापलेले मी पाहिले. पट्टी त्यांनी निवडलेलीच नव्हती.

म्हणून तालमीच्या दिवशी पहिलं मत पट्टीचं घ्या. तीन पट्ट्यांमध्ये तोच अभंग म्हणायला लावा आणि विचारा, कुठे मोकळं वाटलं? बहुमताने ठरवा आणि पेटीवाल्या भाऊंना प्रमुख ताईंनी स्वतः सांगावं, "भाऊ, आम्ही काळी चारला म्हणणार." हे एक वाक्य म्हणता आलं की पुढची सगळी मतं सोपी होतात. हे मी अनेक मंडळांत पाहिलं आहे.

ढोल पथकांतल्या मुलींनाही विसरू नका. नाशिक ढोलाचं नाव सगळीकडे आहे आणि पथकांत आता मुली कमरेला ढोल बांधून तासन् तास वाजवतात. त्यांना लोक दमलात का एवढंच विचारतात. त्यांना विचारा, कुठला ठेका अंगात येतो, कुठला नुसता जोर मागतो, मेन रोडच्या अरुंद भागात शिरल्यावर आवाजाचं काय होतं. टिपरू हातात धरणारीला हे जितकं माहीत आहे तितकं बाजूला उभं राहून फोन धरणाऱ्याला नाही.

घराबाहेर न्या

बैठक जमली की सगळ्यांनी मिळून एका कार्यक्रमाला जा. कालिदास कलामंदिर असो, कुसुमाग्रज स्मारक असो किंवा दिवाळीत पिंपळपारावरची पाडव्याची पहाट. जाताना ठरवा की प्रत्येकीने एक जागा लक्षात ठेवायची. कार्यक्रमानंतर कलाकारांभोवती गर्दी होते, तिथे नमस्कार करून मागे सरू नका. "मघाशी अंतऱ्यात तुम्ही शेवटची ओळ दोनदा बदलून घेतलीत, ती आधी ठरवली होती का?" एवढं विचारा. गाणाऱ्यांना असा प्रश्न फार आवडतो. मी त्यांच्या शेजारीच बसलेली असते, मला दिसतं.

आणि आयोजकांना पत्र द्या. चार ओळींचं. पहिल्या ओळीत कुठल्या कार्यक्रमाला आणि कितव्या रांगेत बसलो होतो. दुसऱ्यात काय मनापासून ऐकलं. तिसऱ्यात काय खटकलं: मागच्या रांगेत शब्द पोहोचले नाहीत, निवेदनाने तीन गाण्यांचा वेळ घेतला, साथीला एकही बाई नव्हती. चौथ्यात पुढच्या वर्षी कुणाला ऐकायचं आहे, नावासकट. पत्र फोनवर पाठवू नका, ते शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडलं जातं. कागदावर लिहून दोघी-तिघींनी नेऊन द्या. खाली 'एक रसिक श्रोता' लिहू नका, पूर्ण नावाने सही करा. एक प्रत बैठकीच्या वहीत डकवून ठेवा, आणि पुढच्या वर्षीची तिकिटं काढायला जाल तेव्हा ती वही पिशवीत असू द्या.